जेवल्याचा मिस्ड कॉल

आई गेल्याला सव्वा महिना झाला, तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, ती कंपनी विचारतेय. आवाज ठेवायचा की डिलीट करायचा?" कुणाचा आवाज, हे मी विचारलं नाही. आवाज माझाच होता. तो एका डब्यात बसून सात-आठ महिने माझ्या आईशी बोलत होता आणि मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये ट्रक भरून घेत होते. "घाई नाही, विचार करून सांग," भाऊ म्हणाला. आई गेल्यापासून तो माझ्याशी फार मऊ बोलतो. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. अजून बघितलेलं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं वय चौपन्न. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर मी आणि आई राहायचो. लग्न केलं नाही. का नाही, ते बिल्डिंगमधले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. नोकरी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत, डिस्पॅचला. कुठल्या गाडीत काय भरलं, गाडी कधी सुटली, ड्रायव्हर कुठे जाऊन झोपला, ही सगळी डोकेफोड माझी. पंचवीस वर्षं ड्रायव्हरांशी भांडून भांडून माझ्या तोंडाला काही वळण राहिलेलं नाही, आणि राग कायम नाकावर. आई म्हणायची, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी हेल्मेट घालायला हवं." तिची जीभही काही कमी नव्हती.

आई कधी कुणाच्या आधी जेवली नाही. हा तिचा काही त्याग वगैरे नव्हता, तिला तसं जेवण जायचंच नाही. आम्ही लहान असताना मोहन्याला राहायचो. बाबा तिथे रेयॉनच्या कारखान्यात होते, शिफ्ट ड्युटी. भोंगा झाला की आई पोळ्यांना तवा ठेवायची, बाबा यायचे, जेवायचे, मग आम्ही, आणि सगळ्यांची ताटं उचलली की ती. बाबांना ओव्हरटाइम लागला तर दुपारचे तीन वाजोत नाही तर चार, ही आपली ओट्याला टेकून उभी. "आई, तू पण बस ना," म्हटलं की उजव्या हाताचा पंजा आमच्यासमोर धरायची. थांबा, त्यांचं होऊ दे. तेवढंच. तोंडाने बोलायचीसुद्धा नाही.

बाबा गेले, भावाचं लग्न होऊन तो वेगळा झाला, आणि तिचं ते थांबणं सगळं माझ्या वाट्याला आलं. रोज दुपारी एक वाजता फोन. "जेवलीस का?"

आता एक वाजता आमच्याकडे दुपारच्या गाड्या लागतात. एक ते दोन मला श्वास घ्यायला फुरसत नसते, जेवण कुठलं? त्यामुळे माझं उत्तर रोज तेच. "नाही गं अजून. गाडी लागलीय. तू जेवून घे, थांबू नको." ती म्हणायची, "बरं." आणि थांबायची. घरी आल्यावर कळायचं की बाईसाहेबांनी माझी वाट बघत चार वाजता ताट घेतलं. मी चिडायचे, ती ऐकून घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग आमच्यात एक करार झाला. दोन-सव्वादोनला माझा डबा खाऊन झाला की मी घरी मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग, आणि कट. तिने उचलायचा नाही. रिंग वाजली की पोरगी जेवली. मग हिने ताट वाढून घ्यायचं. इतकं साधं. बोलायची गरज नाही, माझा वेळ जायला नको, तिलाही पुढ्यातलं काम टाकून धावायला नको. कितीतरी वर्षं हे चाललं. मी आईशी खोटं खूप बोलले आहे. तापाचं खोटं, नोकरीतल्या भानगडींचं खोटं, बघायला आलेल्या स्थळांचं तर विचारूच नका. पण न जेवता मिस्ड कॉल कधी दिला नाही. का कोण जाणे, ते एक जमलंच नाही. हे आमच्या दोघींतलं होतं, भावाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं.

मग आईचं डोकं विसरायला लागलं. कशी सुरुवात झाली, काय काय झालं, ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. फोन कसा उचलायचा ते ती विसरली, मग मी विसरले की तिला फोन करायचा असतो. दिवसा बघायला मावशी ठेवल्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पण सगळे मावशीच म्हणतात. आईचा बटणांचा फोन त्यांच्याकडे असायचा, अडीअडचणीला मला लावायला. तो आवाज बंद करून कमरेला, कारण रिंग वाजली की आई दचकायची, उठायला बघायची. मीच सांगितलेलं, आवाज बंद ठेवा म्हणून. मिस्ड कॉल कधी बंद झाला ते मला आठवतसुद्धा नाही. आई तेव्हा मावशींच्या हातून दुपारी व्यवस्थित जेवायची, हे मात्र आठवतं. वरणभात, वरून तूप. वाटी रिकामी करायची.

पुढे आई पूर्ण अंथरुणाला खिळली. दिवसभर मला शोधायची. मावशी सांगायच्या, "आजी सारख्या पोरगी कुठं, पोरगी कुठं." मी समोर उभी असताना मला विचारायची, "बाई, माझी मुलगी आली का हो?" एका संध्याकाळी तिने हे इतक्या वेळा विचारलं की माझा तोल गेला. "मीच आहे तुझी मुलगी! मीच! किती वेळा सांगू?" असं ओरडले की शेजारच्यांचा टीव्ही बारीक झाला. आई घाबरून भिंतीकडे सरकली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले आणि मग भावाला फोन केला, की बाबा रे, माझ्याच्याने होत नाही.

भाऊ घोडबंदर रोडला राहतो, बाविसाव्या मजल्यावर. आयटीत आहे. तो मला उपदेश करत नाही, त्याच्यातला हा गुण मी मान्य करते. पुढच्या रविवारी तीन तास ट्रॅफिकमध्ये काढून तो आला आणि पिशवीतून तो डबा काढला. पांढरा, पोळ्यांच्या डब्याएवढा, समोर एक डोळा. "ताई, हा तुझ्या आवाजात बोलेल. आई काहीही विचारू दे, शंभर वेळा विचारू दे, हा चिडणार नाही."

"आणि मी चिडते," मी म्हटलं.

"तू माणूस आहेस गं."

मला तेव्हा ते फार समजूतदार वाटलं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण त्याच्यावर नाही. तो चांगल्या मनानेच आला होता.

आवाज शिकवायला माझं बोलणं हवं होतं, जितकं जास्त तितकं बरं. मी म्हटलं, माझ्या फोनमध्ये ढीगभर आहे. आमच्याकडे ड्रायव्हर दिलेला शब्द फिरवतात, म्हणून माझ्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, वर्षानुवर्षांचा. भावाने आईच्या नंबरावर शोध मारला आणि शेकडो निघाले. त्याचे डोळे चमकले. "ताई, हा खजिना आहे! आई आणि तू, रोजचं, खरं बोलणं. याच्यापेक्षा चांगलं काही मिळूच शकत नाही. कुठल्या वेळी काय बोलायचं, तेही हा हळूहळू यातूनच शिकेल." आम्ही दोघांनी दोन-चार ऐकलेसुद्धा. जेवलीस का. नाही गं अजून. गाडी लागलीय. तू जेवून घे. हसलो आम्ही. "सगळे सारखेच आहेत," भाऊ म्हणाला. मी म्हटलं, "आयुष्य सारखंच होतं रे."

रेकॉर्ड होतो तो उचललेला कॉल. न उचललेल्या कॉलचं रेकॉर्डिंग नसतं. हे मला, जिचं अर्धं आयुष्य फोनवर गेलं तिला, तेव्हा सुचलं नाही.

डबा आईच्या पलंगासमोरच्या फळीवर बसला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दाराआड उभी राहून ऐकलं. आईने विचारलं, "मुलगी आली का?" आणि माझा आवाज म्हणाला, "हं आई, बोल." अगदी मी फोन उचलते तसा, थोडा घाईचा. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कित्येक महिन्यांनी तो चेहरा बघितला मी. "आलीस?" ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. पण मी दाराआड, आणि ती त्या फळीकडे बघून हसतेय.

त्या दिवसापासून आईला मुलगी मिळाली, आणि मी कायमची बाई झाले. संध्याकाळी मी आले की ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, डब्याकडे बघायची. पण शांत होती. शोधाशोध बंद झाली, किंचाळणं बंद झालं. ऑफिसात सगळे म्हणाले, काय जमाना आलाय, छानच झालं की. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी येऊन बघून गेल्या. एकीने तर नंबर मागितला, तिच्या सासऱ्यांसाठी. एकट्या मावशींना ते पटलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बोलता डबा ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून कामं करायला लागल्या.

रविवारी मी घरी असले की डबा बंद करायचे. एका घरात माझेच दोन आवाज, ते मला सोसायचं नाही.

दोन-तीन महिन्यांनी आई दुपारची जेवेनाशी झाली. तोंड मिटून घ्यायची, चमचा जवळ आला की मान फिरवायची. मावशी तासतास वाटी धरून बसायच्या. त्यांनी मला एकदा सांगितलंही. मी चप्पल काढत होते, आणि त्या दारातच म्हणाल्या, "ताई, डबा बोलला का आजी तोंडच मिटून घेतंय. जेवनाच्या टायमाला बंद ठेवू काय?"

मी दिवसभराची वैतागलेली होते. म्हटलं, "मावशी, तो बंद करायचा नाही असं दादाने सांगितलंय. त्यात नोंदी होतात. तुम्हाला दुपारची सीरियल लावायची असेल तर सरळ सांगा."

"मना कशाला सीरियल," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या. दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. माझं असंच असतं, आधी तोडायचं आणि मग आपणच फुगून बसायचं.

नोंदी खरंच व्हायच्या. डबा दर आठवड्याला भावाच्या फोनवर अहवाल पाठवायचा. भावस्थिती शांत. झोप पुरेशी. दुपारचं जेवण, नकार. संध्याकाळचं जेवण, बहुतांशी नकार. पुढे पुढे त्याने खाली एक ओळ टाकायला सुरुवात केली, की अन्नाला सातत्याने नकार हे आजाराच्या अखेरच्या टप्प्याचं लक्षण असू शकतं, कुटुंबाने डॉक्टरांशी बोलून घ्यावं. भावाने मला ती ओळ दोनदा वाचून दाखवली. मी म्हटलं, "कळलं."

अशा रुग्णांसाठी घरी येणाऱ्या एक डॉक्टर होत्या, शांत बाई, पलंगावर बसून आईचा हात हातात घेऊनच बोलायच्या. भाऊ लॅपटॉप घेऊन आला होता, अहवाल ओळीने उघडलेले. प्रश्न एकच होता, नाकातून नळी घालायची का. डॉक्टरांनी अहवाल बघितले, आईला तपासलं, वजन बघितलं. मग त्यांनी विचारलं, "सगळ्याच वेळी नको म्हणतात की एखाद्या वेळी खातात?"

मी म्हटलं, "सकाळी माझ्या हातून चार घास खाते. आणि रविवारी दुपारी थोडं."

हे मी मान वर करून सांगितलं. त्या डब्याने सगळं घेतलं, पण घास अजून माझ्या हातून जातो, असा तो तोरा होता. सकाळी मी निघेपर्यंत डबा बंद असतो आणि रविवारी दिवसभर बंद असतो, हे माझ्याच तोंडून जवळजवळ निघालं होतं. पण निघालं नाही.

"आपल्या माणसाच्या हातून दोन घास जास्त जातात," डॉक्टर म्हणाल्या. "पण एकूण चित्र हेच आहे. या टप्प्यावर शरीरच अन्न सोडतं. नळीने आयुष्य फार वाढत नाही, त्रास वाढतो. जबरदस्ती करू नका. त्या नको म्हणतायत, तर त्यांचं ऐका."

तिचं ऐका. आम्ही दोघं बहीणभाऊ गॅलरीत उभे राहिलो. खाली भाजीवाला ओरडत होता. भाऊ म्हणाला, "तिने कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही ताई. आता नको म्हणतेय, तर निदान एवढं तरी ऐकू." मला ते पटलं. नळी नाही, असं ठरलं. मी सही केली.

आई दिवसेंदिवस चिमत गेली. सकाळचे चार घास दोनावर आले, मग अर्ध्यावर. मग एक दिवस पेजेचा चमचा घशात अडकला, ती काळीनिळी पडली, मावशींनी पाठ चोळून चोळून कसाबसा श्वास मोकळा केला. डॉक्टर येऊन गेल्या. "आता गिळण्याची ताकद राहिलेली नाही. तोंडाने काही म्हणजे काही द्यायचं नाही. दिलंत तर छातीत जाईल आणि गुदमरून हाल होतील. ओल्या कापसाने ओठ ओले करत राहा." किती दिवस, मी विचारलं. "थोडे," त्या म्हणाल्या.

मी रजा टाकली. भाऊ म्हणाला, "ताई, डबा बंद नको करू. तिला त्या आवाजाची सवय झालीय, शेवटच्या दिवसांत तो तुटायला नको." मला वाद घालायचं त्राण नव्हतं. राहू दे म्हटलं.

त्या दिवशी बुधवार होता, रजेचा पहिलाच दिवस. सकाळपासून माझ्या पोटात एक चहा होता फक्त. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या, मी आईच्या पायांना तेल लावत होते. एक वाजला. फळीवरून माझा आवाज आला, "हं आई, बोल."

दुपारी एक वाजता, कामाच्या दिवशी, मी त्या खोलीत कधी नव्हतेच. त्याआधी एकदाही नाही.

आईचे डोळे उघडले. ओठ हलले. आवाज जवळजवळ नव्हता, पण मला कळलं आणि डब्यालाही कळलं. "जे..." एवढाच. आणि माझा आवाज त्याच घाईत म्हणाला, "नाही गं अजून. गाडी लागलीय. तू जेवून घे, थांबू नको."

आईचा उजवा हात चादरीवरून बोटभर वर उठला. पंजा पुढे.

माझ्या हातातून तेलाची वाटी पडली. "मावशी, हे रोज होतं?"

"रोज. एक वाजला का तेच. पोरगी जेवली नाय बोलतंय, मग आजी दुपारभर हात करून राहतंय." मग हातातली घडी बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "मी बोल्लेली तुमाला."

बोलल्या होत्या. दीड वर्ष जिला काही आठवत नव्हतं, जी गुपचूप वरणभात खात होती, तिला आम्ही आमच्या हाताने एक वाजताचा फोन परत आणून दिला होता. रोज तिला सांगितलं होतं की तुझी मुलगी उपाशी आहे. आणि सव्वादोनची रिंग द्यायला विसरलो होतो. ती थांबली होती. महिनेच्या महिने ती ओट्याला टेकून उभी असल्यासारखी थांबली होती, आणि आम्ही त्याला नकार म्हटलं, अखेरचा टप्पा म्हटलं, आणि त्याच्यावर सही केली.

"आईचा फोन कुठाय?"

"माझ्याकडं हाय. का ओ?"

"त्याचा आवाज मोठा करा. पूर्ण. आणि तिच्या उशाशी ठेवा."

मी गॅलरीत गेले. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. आतून ती जुनी, किरटी रिंग ऐकू आली. एक वाजू दिली. कट केली.

आत आले तर आईचा पंजा खाली आला होता. चेहरा मोकळा. आणि तिने तोंड उघडलं होतं. नीट, मोठं, लहान मूल घासासाठी उघडतं तसं.

मावशी "अगं बाय माझे" म्हणत उठल्या आणि सवयीने स्वयंपाकघरात धावल्या. स्वतःसाठी केलेला मऊ भात होता, तो वाटीत घेऊन, चमचा घेऊन दारापर्यंत आल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना आठवलं. भाताची वाफ येत होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. "ती तोंड उघडतेय. स्वतःहून. देऊ का थोडं? एक चमचा? नुसतं पाणी?"

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं तरी गिळता येणार नाही त्यांना."

"ती आधी दुपारी जेवली असती तर? हे सगळे महिने, रोज दुपारी जेवली असती तर?"

"गिळणं कधीतरी जाणारच होतं," त्या म्हणाल्या. "कदाचित थोडं उशिरा. आता त्याचा विचार करू नका. ओठ ओले करा."

भावाला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. डब्याचे निरोप त्याला आता रोज यायचे, त्या दिवशीचा होता, आज दुपारी आई विशेष प्रसन्न होती असा. "शेवटी तुझा आवाज तिच्याजवळ होता गं ताई," असं तो म्हणाला. तीन दिवसांनी आई गेली.

पण त्या दुपारी ती जिवंत होती आणि तोंड उघडून वाट बघत होती. मावशींनी वाटी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मग मला विचारलं, "ताई, तुमी तरी जेवलाव का?"

मी जेवले नव्हते. रिंग दिली होती, आणि जेवले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तिने नेहमीसारखा विश्वास ठेवला होता.

मी कापूस ओला केला आणि तिच्या ओठांना लावला. तिने तो जोरात चोखला. मग पुन्हा तोंड उघडलं.